शिक्षा लागलेल्या निर्दोषाची फाइल पुन्हा उघडताना

तुरुंगातून येणारं पत्र बहुधा वहीच्या फाडलेल्या पानावर असतं. अक्षर दुसऱ्याच एखाद्या बंद्याचं, कोपऱ्यात कारागृहाचा शिक्का. केस नंबर अर्धवट, आधीच्या वकिलांचं नुसतं आडनाव, निकालाची तारीख आठवत नाही. 'मी हे केलेलं नाही' हे मात्र दोन-तीन वेळा लिहिलेलं असतं. त्या पत्रापासून सुटकेच्या आदेशापर्यंतचं अंतर कधी तीन वर्षांचं असतं, कधी पंधरा. हे अंतर कापणारी वकिलांची टीम कशी काम करते आणि तिच्या प्रमुखाला काय काय सांभाळावं लागतं, ते इथे महाराष्ट्रातल्या कोर्टांच्या चालीप्रमाणे मांडलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अशा केसेस भाषणाने फिरत नाहीत, कागदाने फिरतात. खटला चालला तेव्हा कुणी नीट वाचलाच नाही, किंवा कुणी पुढे येऊच दिला नाही, असा एखादा कागद असतो. टीमप्रमुखाचा बहुतेक वेळ तो कागद शोधण्यात आणि शोध थांबू न देण्यात जातो. तसाच तो जायला हवा.

आधी दार ठरवायचं

ब्रिटनमध्ये १९९७पासून क्रिमिनल केसेस रिव्ह्यू कमिशन काम करतं. शिक्षा अंतिम झाल्यावरही ते चौकशी करून प्रकरण पुन्हा अपील कोर्टाकडे पाठवू शकतं. अमेरिकेत 'इनोसन्स प्रोजेक्ट' १९९२मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला आणि पुढे तिथल्या राज्यांनी शिक्षेनंतरही डीएनए तपासणी मागता येईल असे कायदे केले. आपल्याकडे अशी संस्था नाही, असा कायदाही नाही. त्यामुळे निर्दोष माणसाला बाहेर काढायचं तर अपिलाची जी दारं सगळ्यांसाठी आहेत, त्यांतूनच जावं लागतं. ही दारं एकामागोमाग अरुंद होत जातात.

सेशन्स कोर्टाच्या निकालाविरुद्ध हायकोर्टात अपील ६० दिवसांत करायचं असतं. फाशी झाली असेल तर ३० दिवसांत. शिवाय फाशी कायम करायची की नाही यासाठी प्रकरण आपोआप हायकोर्टाकडे जातंच. हे सगळ्यांत रुंद दार. इथे हायकोर्ट प्रत्येक साक्षीदाराची नोंदलेली साक्ष नव्याने तपासून पाहू शकतं आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२खाली नवा पुरावाही घेऊ शकतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३९१ होतं. अपील पडून राहतं तोवर नव्या संहितेच्या कलम ४३०खाली शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो. तो अर्ज अपिलाबरोबरच तयार ठेवावा.

हायकोर्टानंतर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, ९० दिवसांत. तिथे पुरावा पुन्हा पाहणं हा नियम नाही, अपवाद आहे. त्यापुढे फेरविचार याचिका, ३० दिवसांत. ती न्यायमूर्तींच्या दालनातच निकाली निघते. फाशीच्या प्रकरणात मात्र २०१४पासून खुल्या कोर्टात तोंडी सुनावणी मिळते, तीही साधारण अर्ध्या तासाची. शेवटी क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे फेरविचारही फेटाळला गेल्यावर निकालातली गंभीर चूक दुरुस्त करण्याची विनंती. ती २००२च्या रूपा हुर्रा निकालातून आली आणि तिला वरिष्ठ वकिलांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे दार जवळजवळ बंदच असतं, तरी उघडतं कधी कधी. नोएडाजवळच्या निठारीतल्या मुलांच्या खुनांच्या प्रकरणात एकच कबुली आणि एकाच प्रकारच्या जप्तीवर उभ्या असलेल्या बारा खटल्यांत आरोपी सुटला आणि तेराव्यात शिक्षा तशीच राहिली. ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये क्युरेटिव्ह याचिकेतच दूर केली.

मुदत टळली असेल तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो. त्यात 'गरिबीमुळे उशीर झाला' एवढं लिहून भागत नाही. निकालाची प्रत बंद्याच्या हातात कोणत्या दिवशी पडली, त्याने जेल अपिलाचा फॉर्म कधी भरला, तो कारागृहातून कधी रवाना झाला, या तीन तारखा अधीक्षकांच्या कार्यालयातून लेखी घ्यायच्या. अनेकदा उशीर बंद्याचा नसतो, वाटेतल्या टेबलांचा असतो, आणि ते या तारखाच दाखवतात.

कोणाची केस घ्यायची

सगळ्यांत जड निर्णय हा आहे आणि तो प्रमुखाने एकट्याने घेऊ नये. पत्र आलं की आधी एक छापील प्रश्नावली पाठवावी: गुन्ह्याच्या दिवशी कुठे होतात, अटक कधी आणि कुठून झाली, कागदोपत्री अटकेची तारीख तीच आहे का, कोणत्या कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, मारहाण झाली का आणि डॉक्टरांना सांगितली का, कोर्टात कोणत्या भाषेत कामकाज झालं आणि ते कळलं का, वकील किती वेळा भेटले. उत्तरं आली की दोन जणांनी वेगवेगळं वाचून आपापलं मत लिहायचं आणि मग चर्चा करायची. एकत्र वाचलं की पहिल्याच्या मताकडे दुसरा झुकतो.

इथे एक फरक मनात पक्का असावा. 'पुरावा कमी पडतो' आणि 'हा माणूस तिथे नव्हताच' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींत सुटका होऊ शकते, पण दुसऱ्या प्रकारात नव्याने शोध घ्यावा लागतो, माणसं लागतात, वर्षं लागतात. पाच वकिलांच्या टीमने असा खोल शोध एका वेळी आठ-दहापेक्षा जास्त केसेसमध्ये करू नये, असं आमचं मत आहे. उरलेल्या पत्रांना उत्तर द्यायचंच: केस घेता येत नाही, पण विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२प्रमाणे कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो, आणि अर्ज कारागृहातल्या विधी सेवा केंद्रातून करता येतो. उत्तर न देणं हे तिथल्या माणसासाठी फार क्रूर असतं.

आणि 'आम्ही तुम्हाला सोडवू' असं कधीही म्हणायचं नाही. 'आम्ही तुमची फाइल पहिल्या पानापासून वाचू' एवढंच वचन देता येतं, आणि ते पाळता येतं.

एकाच खटल्यात चार-सहा सहआरोपी असतील तर आणखी एक अडचण येते. एकाचा बचाव दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकतो: 'मी तिथे होतो, पण वार त्याने केला' असं एकाने म्हटलं की दोघांसाठी एकच वकील चालत नाही. हे वकीलपत्रावर सही घेण्याआधी तपासायचं. वकीलपत्र अधीक्षकांमार्फत जातं, तिथे त्यावर साक्षांकन होतं आणि मग परत येतं. प्रती जास्तच पाठवाव्यात, कारण प्रत्येक नव्या अर्जाला एक लागते आणि दर वेळी आठवडा-पंधरा दिवस मोडतात.

कागद गोळा करणं

सुरुवात सेशन्स कोर्टाच्या नक्कल विभागात. फक्त निकालपत्र मागून उपयोग नाही. पूर्ण दोषारोपपत्र, सर्व साक्षींच्या नोंदी, निशाणी (पुरावा म्हणून कोर्टाने दिलेला क्रमांक) पडलेला प्रत्येक कागद, निशाणी न पडलेलेही, आरोपीचा जबाब, आणि खटल्याचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद. रोजनामा वकीलमंडळी सहसा वाचत नाहीत आणि तिथेच पुष्कळ सापडतं. साक्षीदाराची सरतपासणी (त्याला बोलावणाऱ्या पक्षाने केलेली पहिली तपासणी) झाली त्या दिवशी आरोपीचे वकील हजर होते का? उलटतपासणी 'नाही' म्हणून संपवली का? आरोपीने वकील बदलून मागितला होता का? एका ओळीच्या नोंदीत संपूर्ण खटल्याचं रूप दिसतं.

मग कोर्टाबाहेरचे कागद. पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी, जीपचं लॉगबुक, मुद्देमाल रजिस्टर, लॉकअप रजिस्टर, रुग्णालयाचं एमएलसी (पोलीस प्रकरणातल्या रुग्णांच्या नोंदीचं) रजिस्टर. यासाठी माहिती अधिकारात अर्ज करावा. 'तपासात अडथळा येईल' म्हणून नकार आला तर प्रथम अपील ३० दिवसांत करायचं. तपास संपून शिक्षाही झालेली असते, त्यामुळे तो नकार सहसा टिकत नाही. पण वेळ फार हातात नसतो. फोनचे कॉल रेकॉर्ड कंपन्यांनी दोन वर्षं ठेवावेत अशी परवान्याची अट आहे, त्यानंतर ते मिटतात. सीसीटीव्ही तर काही आठवड्यांत पुसला जातो. रजिस्टरंही ठराविक वर्षांनी नष्ट करतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात संबंधित कार्यालयांना 'अमुक रेकॉर्ड जपून ठेवा, आम्ही मागणार आहोत' अशी पोहोच घेऊन पत्रं द्यायची. कागद नंतर नष्ट झाला तरी ते पत्र कोर्टात बोलतं.

सरकारी पक्षाने गोळा केलेला पण खटल्यात न वापरलेला पुरावाही असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये सांगितलं आहे की अशा न वापरलेल्या जबाबांची, कागदांची आणि वस्तूंची यादी आरोपीला द्यायला हवी. जुन्या खटल्यांत ती यादी जवळजवळ कधीच दिलेली नसते. ती मागणं हे प्रत्येक अपिलातलं पहिलं पाऊल असावं.

सगळं हाती आलं की तारखांचा तक्ता. चार रकाने: दिवस आणि वेळ, काय घडलं, कोणत्या कागदावरून कळलं, आणि कोण विरुद्ध सांगतंय. खुनाच्या मध्यम खटल्यातही हा तक्ता तीनेकशे ओळींचा होतो. दोन ज्युनियर तो स्वतंत्रपणे बनवतात आणि मग दोन्ही समोरासमोर ठेवायचे. एकाला दिसलं ते दुसऱ्याला दिसलेलं नसतं. फरक जिथे पडतो तिथे पुन्हा मूळ पान उघडायचं.

जप्ती पंचनाम्याचं एक पान

हा तक्ता काय दाखवतो ते एका काल्पनिक, पण रोजच्या नमुन्यावरून पाहू. आरोपीने ठाण्यात पंचांसमोर 'कोयता लपवलाय तो काढून देतो' असं सांगितलं. मेमोरँडम पंचनामा ७.०५ ते ७.२०. सगळे जीपने शेतावर गेले. कोयता विहिरीलगतच्या झुडपातून निघाला, जप्ती पंचनामा ७.४५ला सुरू झाला आणि ८.१५ला संपला.

आता नकाशा उघडायचा. ठाणं ते शेत २८ किलोमीटर, त्यातले शेवटचे ६ कच्च्या रस्त्याचे. २५ मिनिटांत म्हणजे ताशी ६७ किलोमीटर. पावसाळ्यात, कच्च्या रस्त्यावरून. लॉगबुकात त्या दिवशी जीप एकूण १४ किलोमीटर फिरली. स्टेशन डायरीत जीप बाहेर पडल्याची नोंदच नाही. पंचांपैकी एकाचा पत्ता ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीचा आहे आणि तोच माणूस त्याच ठाण्याच्या आणखी तीन खटल्यांत पंच आहे. कोयता १२ तारखेला जप्त, मुद्देमाल रजिस्टरला नोंद १४ तारखेला, प्रयोगशाळेकडे रवाना ३१ तारखेला. मधले एकोणीस दिवस पाकीट कुठे होतं? पंचनाम्यात लाखेच्या सीलचा उल्लेख नाही, पण रासायनिक विश्लेषकांच्या अहवालात 'सील शाबूत, पाठवलेल्या नमुन्याप्रमाणे' असं छापील वाक्य आहे. मग सील लागलं कधी आणि कोणासमोर?

यातला एकेक मुद्दा सुटा मांडला तर सरकारी वकील 'किरकोळ त्रुटी' म्हणून झटकून टाकतील. एका पानावर, वेळेच्या क्रमाने, प्रत्येकासमोर निशाणी क्रमांक घालून मांडले की न्यायमूर्तींना दिसतं की इथे पाणी मुरतंय.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवायची. पोलिसांसमोरची कबुली पुरावा होत नाही. तिच्यातला जेवढा भाग नवी वस्तू सापडायला थेट कारण झाला तेवढाच ग्राह्य धरतात. हे जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३मध्ये आलं आहे. जागा पोलिसांना आधीच ठाऊक होती, किंवा ती कोणीही जाऊ शकेल अशी उघडी होती, तर त्या 'सापडण्याला' फारसं वजन राहत नाही.

रक्ताचा गट जुळला हाही असाच फसवा पुरावा आहे. 'कपड्यांवर ए गटाचं रक्त, मृताचं रक्तही ए गटाचं' एवढ्यावर शिक्षा झालेली असते, आणि ए गट देशात कोट्यवधी लोकांचा असतो. डीएनए अहवालात गोष्ट वेगळी, पण तिथेही नमुना कोणी घेतला, कशात ठेवला, केव्हा पोचवला ही साखळी तुटली तर अहवाल कोसळतो. जुलै २०२५मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या तमिळनाडूतल्या एका आरोपीला सोडताना सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलं की नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, उशीर झाला तर कारण नोंदलं पाहिजे, आणि ताब्याची साखळी दाखवणारं रजिस्टर खटल्याच्या रेकॉर्डला जोडलं पाहिजे. जुन्या केसेसमध्येही हीच फूटपट्टी लावून पाहावी.

ओळख परेडबद्दल थोडक्यात. मुंबई हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे एका आरोपीसाठी किमान सहा डमी, म्हणजे रांगेत त्याच्यासोबत उभे करायचे इतर लोक, लागतात, दोन आरोपींना दहा ते बारा, आणि दोनपेक्षा जास्त आरोपी एका रांगेत उभे करायचे नाहीत. डमी वयाने, रंगरूपाने जवळपासचे हवेत. परेडच्या आधी आरोपीचा फोटो वर्तमानपत्रात आला होता का, त्याला कोर्टात तोंड न झाकता नेलं होतं का, घटनेनंतर किती दिवसांनी परेड झाली, हे तिन्ही प्रश्न विचारायचेच. साक्षीदार खोटं बोलतो असं म्हणायची गरज नसते. अंधारात, भीतीने गोठलेल्या माणसाची स्मृती पुढे दाखवल्या गेलेल्या चेहऱ्यांनी भरली जाते आणि तो ते मनापासून खरं मानतो.

नाशिकचा खटला

एकच कागद काय करू शकतो, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यांत अस्वस्थ करणारं उदाहरण म्हणजे अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जून २००३मध्ये नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतले, मजुरीवर जगणारे सहा जण पकडले गेले. २००६मध्ये सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. २००७मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप केली. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील मान्य करून पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. म्हणजे तीन पायऱ्यांवर, अनेक न्यायमूर्तींच्या डोळ्यांखालून ही फाइल गेली.

त्या फाइलमध्येच एक गोष्ट होती. घटनेतून वाचलेल्या महिलेला तपासाच्या अगदी सुरुवातीला पोलिसांनी गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातून चार जणांना हल्लेखोर म्हणून ओळखलं होतं. तो जबाब विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी नोंदवला होता. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा पुढे तपास झाला नाही, आणि हा जबाब सरकारी पक्षाने खटल्यात पुढे आणला नाही.

फेरविचाराच्या टप्प्यावर, ऑक्टोबर २०१८मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आपलाच २००९चा निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकली. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. सोळा वर्षं गेली होती. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई आणि चुकीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेशही झाला. यांतला एक आरोपी घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही शिक्षेनंतरच्या चौकशीत निघालं होतं.

या खटल्यातून टीमप्रमुखाने एक सवय उचलावी: पहिल्या ७२ तासांतला प्रत्येक जबाब आणि प्रत्येक पंचनामा हुडकून काढायचा, दोषारोपपत्रात असो वा नसो. तोवर तपासाला 'आपला आरोपी' मिळालेला नसतो, त्यामुळे त्या दिवसांचे कागद सगळ्यांत कमी घडवलेले असतात.

वय

वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर काढता येतो, शिक्षा अंतिम झाल्यावरही. बाल न्याय कायदा २०१५चं कलम ९ तसं स्पष्ट सांगतं. पुराव्याचा क्रम कलम ९४मध्ये आहे: आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. तुरुंगाच्या रजिस्टरातलं वय हे बहुतेकदा पोलिसांनी अंदाजाने टाकलेलं असतं, त्यावर विसंबू नये.

पुण्यात १९९४मध्ये झालेल्या सात खुनांच्या खटल्यात फाशी झालेल्या एका बंद्याचं असंच झालं. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदवहीतलं नाव वेगळं होतं, खटल्यातलं वेगळं. ती दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे कागदोपत्री सिद्ध होऊन, २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मानलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. तोपर्यंत त्याची अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती. तो निर्दोष ठरला असं नाही. पण ज्या वयाच्या मुलाला कायदा तीन वर्षांहून जास्त ठेवू शकत नव्हता, त्याला फाशीच्या यार्डात ठेवलं गेलं. म्हणून पहिल्याच मुलाखतीत विचारायचं: शाळेत गेला होतास का, कोणत्या गावात, तिथे नाव काय लावलं होतं, गुरुजी कोण होते. आणि शाळेत एक माणूस प्रत्यक्ष पाठवायचा. जुन्या नोंदवह्या पत्राला उत्तर देत नाहीत.

माणसं

फक्त वकिलांची टीम या कामात लंगडी पडते. अपील चालवणारा एक अनुभवी वकील, रेकॉर्ड वाचणारे दोन ज्युनियर, गावोगाव फिरणारा एक समाजकार्यकर्ता, गरजेप्रमाणे सल्ला देणारा न्यायवैद्यक तज्ज्ञ, आणि नक्कल विभागाच्या खाचाखोचा जाणणारा एक कारकून. या शेवटच्या माणसाशिवाय महिने वाया जातात. तुरुंगात वकील आणि समाजकार्यकर्ता जोडीने जातात ही पद्धत मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाच्या कामामुळे परिचयाची झाली. तो १९९०पासून सुरू आहे. वकिलाला जे सांगायची लाज वाटते ते तुरुंगातला माणूस कार्यकर्त्याला सांगतो, आणि त्यातच कधी घटनेच्या रात्रीचा खरा ठावठिकाणा असतो.

ही सगळी माणसं कोणासाठी आहेत हे समजायला एक आकडा पुरे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६मध्ये फाशीच्या कैद्यांचा देशभर अभ्यास केला, त्यात ७४.१ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले. खटल्यात चांगला वकील मिळाला नाही हा अपवाद नाही, हीच बहुतेकांची सुरुवात आहे.

साक्षीदारांना पुन्हा भेटायचं तेव्हा ताकही फुंकून प्यावं. एकट्याने जायचं नाही. दोघांनी जायचं, त्यांतला एक त्या केसमध्ये कोर्टात उभा राहणारा वकील नसावा, कारण पुढे त्यालाच साक्ष द्यावी लागू शकते. स्वतःची ओळख पूर्ण सांगायची, कोणाच्या बाजूने आलोय हे लपवायचं नाही. एक रुपयाही द्यायचा नाही, गाडीभाडंसुद्धा नाही. तोंडात शब्द घालायचे नाहीत. 'त्या रात्री काय पाहिलंत?' एवढाच प्रश्न. जबाब त्यांच्याच भाषेत, अहिराणी असेल तर अहिराणीत, लिहून घ्यायचा आणि वाचून दाखवायचा. एकदा जरी 'साक्षीदार फोडला' असा ठपका बसला तर ती केस जाते आणि टीमच्या पुढच्या सगळ्या केसेसवर तो डाग राहतो.

पीडितांच्या घरी मात्र टीमने परस्पर जाऊ नये. त्यांचं माणूस गेलेलं असतं. निर्दोष माणूस आत असेल तर त्यांचाही खरा गुन्हेगार मोकळा आहे. पण हे त्यांना सांगण्याची वेळ आणि माणूस दोन्ही फार विचाराने निवडावं लागतं.

ज्युनियर मंडळी थकतात, याचीही जबाबदारी प्रमुखाची. दर महिन्याला प्रत्येक केसवर एक तास, ठरलेल्या दिवशी: कोणता कागद आला, कोणता अडला, पुढची तारीख कोणती. केस हरली तर दुसऱ्याच दिवशी बंद्याला भेटायला प्रमुखाने स्वतः जायचं. ते काम ज्युनियरवर टाकू नये.

सुटका झाल्यावर

निकालाच्या दिवशी फोन वाजत राहतात, पण माणूस अजून आतच असतो. आदेशाची प्रत कारागृहात पोचावी लागते. सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आता 'फास्टर' या इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जातात, तरी अधीक्षकांच्या कार्यालयात कोणीतरी हजर असलेलं बरं. त्याच्या नावावर दुसरं एखादं जुनं वॉरंट आहे का, हे आठवडाभर आधी तपासायचं, नाहीतर गेटवरून परत आत पाठवतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८१प्रमाणे वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठी सहा महिन्यांचा जामीन-बंधपत्र मागू शकतात. जामीनदार मिळत नाही म्हणून निर्दोष ठरलेला माणूस अडकून राहू नये, यासाठी वैयक्तिक बंधपत्रावर सोडण्याची विनंती आधीच करून ठेवावी.

भरपाई आपोआप मिळत नाही. विधी आयोगाने २७७व्या अहवालात, ऑगस्ट २०१८मध्ये, चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला. तो अजून झालेला नाही. रिट याचिका करून मागावी लागते आणि मिळेल ती रक्कम त्या त्या कोर्टाच्या विवेकावर असते. निकालपत्रात 'संशयाचा फायदा' असे शब्द आहेत की आरोपीचा संबंधच सिद्ध होत नाही असं म्हटलंय, यावर पुढे भरपाई आणि नोकरी दोन्ही अवलंबून राहतात. म्हणून युक्तिवादाच्या लेखी टिपणातच कोर्टाला स्पष्ट विनंती करावी की निर्दोषत्वाबद्दलचा निष्कर्ष स्वच्छ शब्दांत नोंदवावा.

पहिल्या पंधरवड्यात आधार कार्ड, बँक खातं, रेशन कार्डावर नाव, आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज: हिस्ट्रीशीट (पोलिसांनी ठेवलेली गुन्हेगाराची फाइल) आणि संगणकातल्या गुन्हेगारी नोंदीत निर्दोष सुटल्याची नोंद घ्या. अर्जाची पोहोच घ्यायची. निकालपत्राची प्रमाणित नक्कल लॅमिनेट करून त्या माणसाच्या हातात द्यायची आणि दुसरी घरातल्या बाईमाणसाकडे. गावात नवा गुन्हा घडला, रात्री नाकाबंदीत अडवलं, की पोलीस आधी जुनं नाव काढतात, आणि तेव्हा वकिलाचा फोन लागेलच असं नाही.